ऑर्थोचा अभ्यास कसा करायचा: आधी पेशंट, एक्स-रे नंतर

ऑर्थोची (हाडांच्या विभागाची) पोस्टिंग लागली की पहिल्या दिवशी जवळजवळ सगळे एकच करतात, पेशंटच्या उशाजवळची एक्स-रेची पाकिटं काढतात, फिल्म उजेडात धरतात आणि "हे बघ, इथं तुटलंय" म्हणत पुढच्या बेडकडे जातात. मीही तेच करायचो. दोन आठवडे असेच गेले आणि मग एकदा राउंडला सरांनी फिल्म स्वतःच्या हातात ठेवली, पेशंटकडे नुसतं बोट दाखवलं आणि म्हणाले सांग काय झालंय, तर मला हात कुठे ठेवायचा इथपासून सुचेना. त्या दिवसापासून मी एक नियम केला, पेशंट तपासून स्वतःचं निदान वहीत लिहिल्याशिवाय फिल्म बघायची नाही. खाली जे काही लिहितोय ते सगळं याच नियमाभोवती आहे.

मनगटाजवळच्या ज्या फ्रॅक्चरला आपण कॉलीस म्हणतो त्याचं वर्णन आयर्लंडच्या अब्राहम कॉलीस यांनी १८१४ मध्ये केलं आणि राँटगेननी एक्स-रे शोधला १८९५ मध्ये. मधे ८१ वर्षं आहेत. म्हणजे त्या माणसाने फिल्म नसताना, मनगटाला आलेला काट्याचमच्यातल्या काट्यासारखा बाक बघून आणि हाताने चाचपून ओळखलं की हा सांधा निखळलेला नाही, सांध्याच्या जरा वर हाड मोडलंय. तुमच्याकडे हात तेच आहेत, डोळे तेच आहेत, फक्त ते वापरायची सवय लावायची आहे.

पायरी १: अॅनाटॉमी पुन्हा काढा, पण वेगळ्या प्रश्नाने

पहिल्या वर्षाची अॅनाटॉमी विसरलेली असते, सगळ्यांचीच असते, त्याचं टेन्शन घेऊ नका आणि सगळी पुन्हा वाचायलाही बसू नका. प्रत्येक हाडाला दोनच प्रश्न विचारा: याच्या अगदी लगत काय जातं, आणि याला रक्त कुठून येतं.

पहिल्या प्रश्नावर अर्धं ऑर्थो उभं आहे. खांदा पुढे निखळला की अॅक्झिलरी नर्व्हला (नर्व्ह म्हणजे मज्जातंतू) धोका, म्हणून खांद्याच्या बाहेरच्या बाजूची संवेदना बघायची. दंडाचं हाड मधे किंवा खालच्या भागात मोडलं की रेडियल नर्व्ह, म्हणून मनगट आणि बोटं वर उचलायला सांगायची. मुलांच्या कोपराच्या वरचं सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चर असेल तर अँटिरियर इंटरोशियस नर्व्ह, ती बघायची तर अंगठ्याचं आणि त्याच्या शेजारच्या बोटाचं टोक जुळवून गोल करायला सांगा, नर्व्ह गेली असेल तर गोल होत नाही, दोन्ही बोटं सपाट चिकटतात. खुबा मागे निखळला की सायाटिक. फिब्युलाच्या (पोटरीच्या बाहेरच्या बाजूच्या बारीक हाडाच्या) मानेजवळ मार लागला किंवा तिथे प्लास्टर घट्ट बसलं की कॉमन पेरोनियल, पाऊल वर उचलता येत नाही. गुडघा निखळला की पॉप्लिटियल आर्टरी, आणि इथे खास लक्ष द्या, कारण निखळलेला गुडघा कधी कधी पेशंट हॉस्पिटलला पोचेपर्यंत आपोआप जागेवर बसलेला असतो, फिल्म चांगली दिसते, नाडीही लागते, पण धमनीच्या आतल्या अस्तराला इजा झालेली असू शकते, म्हणून घोट्याजवळचं आणि हाताचं ब्लड प्रेशर यांचं गुणोत्तर काढायचं आणि ते ०.९ च्या खाली आलं तर पुढची तपासणी लगेच मागायची.

ही यादी पाठ करू नका, स्वतःच्या अंगावर बोट फिरवून शिका. फिब्युलाची मान गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, बोटाला लागते, तिथे बोट आडवं फिरवलं की नर्व्ह दोरीसारखी सरकते. कोपराच्या आतल्या उंचवट्यामागे अल्नर तशीच लागते. एकदा बोटाला लागली की विसरत नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी तीन हाडं पुरेशी आहेत: फीमर म्हणजे मांडीच्या हाडाचं डोकं, मनगटातलं स्कॅफॉइड आणि घोट्यातलं टॅलस. फीमरच्या डोक्याला मोठ्या माणसात मुख्यतः मिडियल सर्कमफ्लेक्स फीमोरल आर्टरीच्या फांद्या मानेवरून वर चढत रक्त देतात, म्हणून मान मोडून सरकली की डोकं वाळायची भीती. स्कॅफॉइडला रक्त लांबच्या, म्हणजे बोटांकडच्या टोकाकडून उलटं मागे येतं, म्हणून त्याच्या कंबरेत फ्रॅक्चर झालं की जवळचा तुकडा उपाशी राहतो. टॅलसची मान तशीच. हे एवढं डोक्यात बसलं की वयस्कर माणसात मान मोडून सरकली तर बऱ्याचदा सांधा का बदलतात आणि तरुणात हाड जागेवर बसवून स्क्रू टाकायची धडपड का करतात, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

पायरी २: फ्रॅक्चर कसं जुळतं ते नीट समजून घ्या

हे चॅप्टर लोक वगळतात आणि मग पुढे सगळंच घोकत बसतात. आधी रक्ताची गाठ, मग सूज आणि पेशींची गर्दी, मग मऊ कॅलस (फटीत भरणारं नवं ऊतक), मग कडक कॅलस, मग कित्येक महिने चालणारी घडण. ढोबळ हिशेब असा की मोठ्या माणसात हाताचं हाड जुळायला ६ आठवडे, पायाचं १२ आठवडे, मुलांत त्याच्या साधारण निम्मे. हाडागणिक फरक पडतो पण पेशंटचे नातेवाईक विचारतात तेव्हा सुरुवात इथून करता येते.

यातली एक गोष्ट कळली की इम्प्लांट्स कळतात. तुकड्यांची अगदी थोडी हालचाल राहिली तर हाड कॅलस तयार करून जुळतं, प्लास्टरमध्ये किंवा आत घातलेल्या नेलवर (हाडाच्या पोकळीतल्या सळईवर) हेच होतं. पण तुकडे दाबून, प्लेट आणि स्क्रूने हालचाल जवळपास शून्य केली तर हाड कॅलसशिवाय थेट जुळतं. त्यामुळे प्लेट लावलेल्या फिल्मवर कॅलस दिसत नाही म्हणून "जुळत नाहीये" असं म्हणू नका, उलट तिथे भरपूर कॅलस दिसला तर प्लेट हलतेय का अशी शंका घ्यायची असते. सांध्यात गेलेलं फ्रॅक्चर असेल तर पृष्ठभाग गुळगुळीत जुळवून पक्का धरायचा, लांब हाडाच्या मधल्या भागात लांबी, रेषा आणि पीळ जमला की पुरे, प्रत्येक तुकडा जागेवर बसवायचा हट्ट नाही.

पायरी ३: हाताने तपासणं, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

क्रम जगभर एकच आहे: बघा, हात लावा, हलवा, मग मोजा, मग नर्व्ह आणि नाड्या. क्रम सोपाय, अवघड आहे तो तंतोतंत पाळणं. बघताना दोन्ही बाजू उघड्या हव्यात, नुसता दुखरा गुडघा बघून काही कळत नाही, दुसरा गुडघा शेजारी असेल तर मांडीचा स्नायू सुकलेला लगेच दिसतो. हात लावताना पेशंटच्या चेहऱ्याकडे बघा, आपल्या हाताकडे नाही. हलवताना आधी पेशंटला स्वतः हलवू द्या, मगच तुम्ही हलवा.

खुब्याचा सांधा उदाहरण म्हणून घेतो कारण परीक्षेत तो येतोच आणि तिथे सगळे अडखळतात. पेशंट कडक बेडवर उताणा, गादी मऊ असेल तर खाली फळी. थॉमस टेस्टसाठी एक हात कमरेच्या बाकाखाली सरकवा, चांगला गुडघा पोटाकडे न्यायला लागा, आणि कमरेने तुमचा हात दाबला, म्हणजे बाक गेला, की तिथेच थांबा. आता दुखरी मांडी बेडवरून उचलली गेली असेल तर ती आणि बेड यांच्यातला कोन म्हणजे पक्कं बसलेलं फ्लेक्शन, सरळ न होणारा वाक. बहुतेक जण हात न सरकवता नुसता गुडघा छातीला लावतात, मग कंबर अजूनच वळते आणि आकडा चुकतो. मोजायच्या आधी दोन्ही कमरेची टोकं, म्हणजे अँटिरियर सुपिरियर इलियॅक स्पाइन, एका रेषेत आणा आणि दुखरा पाय ज्या अवस्थेत आहे त्याच अवस्थेत चांगला पाय ठेवा, मगच त्या टोकापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत टेप लावा. हे केलं नाही तर आत वळून बसलेला पाय नुसता आखूड दिसतो आणि तुम्ही खरीच लांबी कमी आहे असं लिहून टाकता. ट्रेंडेलेनबर्ग टेस्टला, म्हणजे खुब्याच्या बाजूच्या स्नायूंची ताकद बघताना, पेशंट एका पायावर उभा राहिला की घाई करू नका, ३० सेकंद थांबा, थकलेला स्नायू सुरुवातीला धरून ठेवतो आणि मग सोडतो, आणि लक्षात ठेवा की कंबर झुकते ती उचललेल्या पायाकडे पण दुबळा असतो तो टेकवलेल्या पायाकडचा स्नायू.

थॉमस टेस्ट ज्यांच्या नावाची आहे ते ह्यू ओवेन थॉमस म्हणजेच थॉमस स्प्लिंटवालेही (स्प्लिंट म्हणजे मोडलेला पाय स्थिर धरायचा आधार), आणि त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी तो स्प्लिंट पहिल्या महायुद्धात आघाडीवर नेला, मांडीचं हाड मोडलेले कितीतरी सैनिक त्यामुळे वाचले.

गुडघ्याच्या पुढच्या क्रुशिएट लिगामेंटसाठी लॅकमन टेस्ट गुडघा २० ते ३० अंशांत वाकवून करायची, ९० अंशांतल्या ड्रॉवर टेस्टपेक्षा ती ताज्या दुखापतीत जास्त भरवशाची, कारण सुजलेला गुडघा ९० पर्यंत वाकतच नाही. पाठीच्या पेशंटला पायाचा अंगठा वर ओढायला सांगा म्हणजे मणक्यातून निघणारं एल५ हे नर्व्हचं मूळ, टाचा उचलून चालायला सांगा म्हणजे एस१, गुडघ्याचा रिफ्लेक्स म्हणजे मुख्यतः एल४. एवढं तरी प्रत्येकाचं बघायचंच.

आता नर्व्ह लिहून ठेवण्याबद्दल, कारण हे माझ्या हातून राहिलं होतं आणि अजून आठवतं. रात्री एक जण आला, दंडाचं हाड मधे मोडलेलं, वेदनेने कळवळत होता, आम्ही फिल्म बघितली, स्लॅब (एका बाजूचं अर्धं प्लास्टर) दिला, कागदावर फ्रॅक्चरचं नाव लिहिलं आणि पुढच्या पेशंटकडे गेलो. सकाळी राउंडला त्याचा हात मनगटातून लोंबत होता. मला विचारलं गेलं, काल बोटं वर उचलून बघितलीस का, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे नर्व्ह मार लागतानाच गेली होती की आम्ही हात सरळ करताना, हे कुणालाच सांगता येईना, आणि तो माणूस आमच्या तोंडाकडे बघत होता. बंद (कातडी न फाटलेल्या) फ्रॅक्चरमधल्या अशा बहुतेक नर्व्ह काही महिन्यांत परत येतात, त्याचीही आली, पण ते महिने त्याने काढले. स्लॅब द्यायच्या आधी १० सेकंद आणि दिल्यावर १० सेकंद, दोन्ही वेळा तपासा आणि दोन्ही वेळा लिहा.

पायरी ४: आता फिल्म बघा

नाव, तारीख, डावं-उजवं. मग दोनचा नियम: दोन व्ह्यू, फ्रॅक्चरच्या वरचा आणि खालचा असे दोन सांधे, मुलांमध्ये शंका असेल तर दोन्ही बाजू, आणि गरज पडली तर दोन वेळा. शेवटचं लोक विसरतात. अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा पडतो तिथे दाबून दुखत असेल आणि फिल्म नॉर्मल असेल तर स्कॅफॉइड मोडलंय असंच समजून हात बांधायचा आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा फिल्म काढायची किंवा आधीच एमआरआय करायचा. हेच ते, हाताला कळलेलं फिल्मला अजून कळलेलं नसतं. दुसरं उदाहरण मागे निखळलेला खांदा, फिट आल्यावर किंवा शॉक लागल्यावर होतो, समोरच्या व्ह्यूमध्ये जवळजवळ नॉर्मल दिसतो, पण पेशंटचा हात बाहेर वळवून बघितला की वळतच नाही.

वर्णनाची वाक्यं मोठ्याने बोलून सराव करा: कुठली बाजू, कुठलं हाड, कुठला भाग, रेषा कशी, धडापासून लांबचा तुकडा कुठे सरकलाय, सांध्यात गेलंय का, उघडं की बंद. सरकणं नेहमी लांबच्या तुकड्याचं सांगायचं, हे पक्कं करा. मुलांच्या कोपरात हाड तयार होण्याची केंद्रं एका क्रमाने दिसू लागतात, कॅपिटेलम, रेडियसचं डोकं, आतला एपिकॉन्डाइल, ट्रॉक्लिया, ओलेक्रॅनॉन, बाहेरचा एपिकॉन्डाइल, साधारण १, ३, ५, ७, ९, ११ वर्षांना. वय थोडं मागेपुढे होतं पण क्रम बहुधा टिकतो, त्यामुळे ट्रॉक्लिया दिसतंय आणि आतला एपिकॉन्डाइल जागेवर नाही तर तो तुटून सांध्यात अडकलाय का ते शोधा.

पायरी ५: झोपेतून उठवलं तरी सांगता आल्या पाहिजेत अशा गोष्टी

कंपार्टमेंट सिंड्रोम, म्हणजे स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा अडणं, सगळ्यात वर. नडगी मोडलेला तरुण, पेनकिलर देऊनही दुखणं वाढतच चाललंय, पोटरी दगडासारखी, आणि पायाची बोटं तुम्ही हळूच ताणली की तो ओरडतो. बस, एवढ्यावर धावायचं. नाडी लागतेय म्हणून थांबायचं नाही, कारण नाडी जाते ती फार उशिरा, आणि साधारण ६ तासांत स्नायू कायमचा मरू लागतो. पहिलं काम, प्लास्टर असेल तर ते आणि खालचा कापूस पूर्ण कातडीपर्यंत कापून उघडा, पाय हृदयाच्या पातळीवर ठेवा, उंच टांगू नका, आणि सिनियरला बोलवा. दाब मोजायची सोय असेल तर डायस्टोलिक प्रेशर आणि कंपार्टमेंटचा दाब यांतलं अंतर ३० mmHg च्या खाली गेलं की फॅशिओटॉमी (कप्प्याचं आवरण कापून मोकळं करणं), पण लक्षणं स्पष्ट असतील तर मोजत बसायचं नाही.

उघडं फ्रॅक्चर: अँटिबायोटिक शक्यतो पहिल्या तासात, टिटॅनस, जखमेचा फोटो, ओलं ड्रेसिंग, स्प्लिंट, मग ओटी (ऑपरेशन थिएटर). गस्टिलोचं वर्गीकरण १९७६ चं, जखम १ सेंटिमीटरच्या आत तर पहिलं, १ ते १० दुसरं, त्यापुढे किंवा जोराच्या मारातलं तिसरं, पण खरा टाइप ओटीत जखम साफ केल्यावरच ठरतो.

मूल पाय टेकवत नाही आणि ताप आहे, तर सांध्यात पू आहे असं धरून चालायचं. ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर, पाय न टेकवणं, ईएसआर (रक्ताची एक तपासणी) ४० च्या वर, पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर, या चारांपैकी जितकी जास्त तितकी खात्री वाढते. कंबरदुखीच्या पेशंटला बसायच्या जागेची बधिरता आणि लघवी तुंबणं, म्हणजे कॉडा इक्वायना (मणक्याच्या तळाच्या नर्व्हच्या जुडग्यावर दाब), त्याच दिवशी एमआरआय. निखळलेला खुबा शक्यतो ६ तासांत बसवायचा. मागे निखळलेला असेल तर पाय वाकलेला, आखूड, आत वळलेला, आणि मान मोडलेली असेल तर आखूड पण बाहेर वळलेला, हा फरक दारातूनच दिसतो.

पायरी ६: प्लास्टर स्वतः लावा

प्लास्टर रूममधल्या ब्रदरशी किंवा टेक्निशियनशी ओळख करा, त्यांच्या हातात जे आहे ते लेक्चरमध्ये मिळत नाही. मनगटाचा स्लॅब घ्या. आधी चांगल्या हाताला लावून लांबी मोजा, हाताला साधारण ८ ते १० थर, पायाला १२ ते १५. कापूस सारखा गुंडाळा, हाडाच्या टोकांवर एक थर जास्त. पाणी साधं घ्या, गरम पाण्याने प्लास्टर लवकर धरतं पण जास्त तापतं आणि जाड थर असेल तर कातडी भाजू शकते. बुडवा, बुडबुडे थांबले की काढा, पिळू नका, दोन बोटांत धरून निथळा. लावल्यावर तळव्याने घडवा, बोटांच्या टोकांनी दाबलं की आत खड्डे पडतात आणि तिथेच पुढे जखम होते. तळहाताची पुढची घडी मोकळी राहिली पाहिजे म्हणजे बोटं मुळापासून पूर्ण मिटतात, हे विसरून लांब लावलेला स्लॅब हा बोटं आखडण्याचा सगळ्यात नेहमीचा रस्ता. ताज्या फ्रॅक्चरला गोल प्लास्टर नको, स्लॅबच, सूज येणार असते. जाताना पेशंटला सांगा: हात उंच, बोटं दर तासाला हलवायची, दुखणं वाढलं किंवा बोटं निळी पडली किंवा बधिर झाली तर रात्र असली तरी परत यायचं.

पायरी ७: ओटीत उभं राहताना

आदल्या संध्याकाळी उद्याच्या यादीतला एकच पेशंट निवडा, त्याला तपासा, आणि त्या ऑपरेशनचा अॅप्रोच वाचा, म्हणजे कुठल्या दोन स्नायूंच्या मधून आत जातात आणि वाटेत कुठली नर्व्ह आहे. मग आत बघताना कळतं. सी-आर्म (ओटीतलं एक्स-रे मशीन) चालू असेल तर लेड एप्रन आणि गळ्याचं कवच घालाच, आणि काम नसेल तर मागे सरका, अंतर दुप्पट केलं की रेडिएशन चौथाई होतं. बाहेरून रिंगा लावलेला पेशंट दिसला तर थांबून बघा, इलिझारोव्हच्या पद्धतीत हाड दिवसाला १ मिलिमीटर, तेही पाव-पाव करून चार वेळा ताणतात, आणि मधल्या फटीत नवीन हाड भरत जातं. पेशंट स्वतः नट फिरवतो, त्यालाच विचारा, तो कुठल्याही नोट्सपेक्षा छान सांगतो.

मुलांचं ऑर्थो वेगळं वाचायला हवं, पण निदान दोन गोष्टी लगेच करा. सॉल्टर-हॅरिसचे (वाढीच्या पट्टीतल्या फ्रॅक्चरचे) पाच टाइप वाढीच्या पट्टीचं चित्र काढून शिका, आणि क्लबफूटच्या (जन्मतः आत वळलेल्या पावलाच्या) क्लिनिकमध्ये एक सकाळ बसा. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत आधी कमान, मग आत वळलेलं पाऊल आणि टाच, आणि सगळ्यात शेवटी खाली ओढलेली टाच सुधारतात, बऱ्याच बाळांना शेवटी टाचेच्या टेंडनला छोटा छेद लागतो आणि मग कित्येक वर्षं रात्री ब्रेस. आई-बाबांना ब्रेसबद्दल कसं समजावतात ते कान देऊन ऐका, कारण ब्रेस सोडला की पाऊल पुन्हा वळतं.

वही कशी ठेवायची

एका पेशंटला एक पान. वरच्या अर्ध्यात फिल्म बघायच्या आधीचं तुमचं निदान आणि तपासणी, खालच्या अर्ध्यात फिल्मवर काय निघालं, काय केलं आणि का केलं. जिथे दोन्ही अर्धे जुळत नाहीत तीच पानं परीक्षेआधी वाचा. रोज दोन पेशंट झाले तरी महिन्यात ५० पानांच्या वर जातं. माणसांच्या नावाच्या टेस्ट आणि वर्गीकरणं वेगळी पाठ करायला बसू नका, ती टेस्ट करून झाली, तो पेशंट बघून झाला की मगच नाव लिहा.

आणि प्रत्येक पानावर प्लास्टर निघायची तारीख टाका, त्या दिवशी ओपीडीत जा. सहा आठवडे बांधलेलं मनगट पहिल्यांदा उघडतं तेव्हा कातडी कोरडी आणि सोललेली असते, हात बारीक झालेला असतो, पेशंट तो धरून बसतो आणि हलवायला घाबरतो. फ्रॅक्चरच्या जागी दाबून बघा, आता दुखत नाही. मग त्याला मनगट वर-खाली करायला सांगा, कोन मोजा, आणि पहिल्या दिवशीच्या पानाखाली लिहून ठेवा.